लाकडी सांधा ढिला का पडतो? या चुका टाळा

नवं स्टूल थोड्याच दिवसांत डुगडुगायला लागलं की खापर ग्लूवर फुटतं. चूक बहुधा त्याच्या आधीच, आखणीत झालेली असते. करवत चालताना १ ते १.५ मिमी लाकूड खाते. रेषेच्या मधोमध कापलं तर कुसवाच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण मिमी जास्तीचं जातं आणि कुसू (दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ) खाचेत खुळखुळतं. म्हणून रेषा पेन्सिलीऐवजी धारदार पात्याने ओढा, करवत टाकाऊ बाजूला ठेवा आणि उरलेलं पटाशीने रेषेपर्यंत तासा.

मॉर्टाइज-टेननमध्ये, म्हणजे खाच-कुसवाच्या सांध्यात, खाच आधी, कुसू नंतर. खाचेची रुंदी पटाशीच्या पात्याने ठरते, ती मागाहून कमी करता येत नाही. कुसू मात्र हवं तितकं तासता येतं. कुसवाची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश धरा. खाच कुसवापेक्षा २-३ मिमी खोल हवी, नाहीतर तळाशी साठलेला ग्लू कुसू पूर्ण बसूच देत नाही आणि खांद्याशी (कुसवाच्या मुळाशी असलेल्या पायरीशी) फट राहते.

ग्लू न लावता आधी जोडून बघा. कुसू हाताच्या दाबाने आत सरकलं पाहिजे, फार तर लाकडी हातोड्याचे हलके ठोके. जोराने ठोकावं लागलं तर खाचेची भिंत तडकते किंवा ग्लू सगळा पुसला जातो. ढिलं निघालं तर कुसवाच्या गालावर (सपाट बाजूवर) त्याच लाकडाची पातळ पट्टी चिकटवा, वाळल्यावर रंध्याने बेताची करा. पांढरा ग्लू फट भरून ताकद देत नाही. त्यावर विसंबू नका.

फळीचं कापलेलं टोक ग्लू शोषून घेतं, त्यामुळे नुसता टोकाला टेकवलेला बट जॉइंट कच्चाच राहतो. तिथे डॉवेल (गोल लाकडी खुंटी) तरी घाला.

डव्हटेलचा, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरत्या दातांच्या सांध्याचा, उतार मऊ लाकडात १:६ (६ मिमी लांबीला १ मिमी तिरका), कठीण लाकडात १:८. याहून तिरका केला तर टोकं मोडतात.

चौकटीच्या मायटरमध्ये (४५ अंशांत कापलेली टोकं जुळवून केलेल्या कोपऱ्यात) अर्ध्या अंशाची चूक क्षुल्लक वाटते, पण चार कोपऱ्यांचे मिळून काप आठ असतात. चूक एकाच बाजूला होत गेली तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट उघडते. आधी टाकाऊ तुकड्यांवर दोन काप घ्या, जोडा आणि गुण्या लावून बघा.

क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर ग्लू ओला असतानाच लांब कर्णाच्या दिशेने दाब द्या. चौकटीवर भार २४ तासांनंतरच टाका.