ग्रामीण भागातील कॉटेजचा मुक्काम कमी खर्चात कसा करावा

हॉटेलमध्ये माणसे वाढली की खोल्या वाढतात आणि त्या प्रमाणात बिलही वाढते. कॉटेज मात्र बहुतेक वेळा पूर्ण घर म्हणून भाड्याने मिळते, त्यामुळे त्यात दोघे राहोत वा सहा जण, भाड्याचा मोठा भाग तेवढाच राहतो. शिवाय साफसफाईचे शुल्क, चादरी-टॉवेल, वीज, सरपण आणि तिथवर पोहोचण्याचा खर्च या गोष्टी जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात क्वचितच दिसतात. म्हणून ‘एका रात्रीचे भाडे किती’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘सर्व खर्च धरून दरडोई, दर रात्री किती पडते’ हा एकच आकडा प्रत्येक घरासाठी काढावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हाच आकडा खाली आणण्यासाठी आहेत.

माणसे आणि रात्री आधी, घर नंतर

छायाचित्रे पाहून घराच्या प्रेमात पडल्यानंतर माणसे जमवायला निघणे हा सर्वात महाग क्रम आहे. आधी नक्की येणाऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येकाकडून आपल्या वाट्याची काही रक्कम आगाऊ घ्यावी, कारण ऐनवेळी एक जोडपे गळाले की त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. मालक ‘आठ जणांची सोय’ असे लिहितात तेव्हा त्यात बैठकीतला सोफा-कम-बेडही धरलेला असू शकतो. त्यामुळे खोल्या आणि खरे पलंग किती, हे वेगळे विचारावे. काही घरांचे भाडे ठराविक संख्येपर्यंतच लागू असते आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसामागे जादा आकार पडतो. अशा वेळी सहा जणांसाठी चार जणांचे ‘स्वस्त’ घर घेण्यापेक्षा मुळातच सहा जणांचे घर घेणे परवडते का, हे ताडून पाहावे.

सुविधांच्या बाबतीतही थोडे कठोर व्हावे. गरम पाण्याचा टब, पोहण्याचा तलाव, थेट पाण्याकाठची जागा यांमुळे भाडे ठळकपणे वाढते. तळ्याच्या काठावरचे घर आणि तिथून दहा मिनिटे चालत जावे लागेल असे घर यांच्या भाड्यात जो फरक असतो, तो बहुतांशी खिडकीतल्या दृश्याचा असतो. दिवसभर बाहेर भटकणाऱ्यांनी त्या खिडकीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. घरातच बसून वाचणाऱ्यांसाठी ते सार्थकी लागतील.

तारखा सरकवणे

इतर कोणत्याही युक्तीपेक्षा तारखांतून होणारी बचत मोठी असते. शाळांच्या सुट्ट्या, सलग सार्वजनिक सुट्ट्या आणि शनिवार-रविवार यांना जोडून येणाऱ्या रात्री सर्वात महाग असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीचे आणि संपल्यानंतरचे काही आठवडे हवामानाच्या दृष्टीने जवळजवळ तितकेच चांगले आणि भाड्याच्या दृष्टीने बरेच नरम असतात. आठवड्याच्या मधल्या रात्री निवडता आल्या तर वर्दळही कमी लागते.

घराच्या उपलब्धतेचे कॅलेंडर नीट पाहिले तर आणखी एक संधी दिसते. समजा, मालकाने किमान तीन रात्रींची अट घातली आहे आणि दोन आरक्षणांच्या मध्ये दोनच रात्री रिकाम्या राहिल्या आहेत. त्या रात्री मालकाच्याच अटीमुळे कोणालाही घेता येत नाहीत आणि त्या तशाच वाया जाणार, हे त्यालाही ठाऊक असते. अशा वेळी त्या दोन रात्रींसाठी विनंती केली तर अट शिथिल होते आणि कधी कधी भाडेही उतरते. विनंती करताना नुसते ‘कमी करा’ म्हणू नये. आपण त्या नेमक्या रिकाम्या रात्री भरत आहोत, हे सांगावे.

अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबून स्वस्तात घर मिळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दोघा-तिघांच्या गटाला आणि हंगामाबाहेर तो लागू पडतो. आठ-दहा माणसांचा गट ऐन सुट्टीच्या दिवसांत तसा थांबला, तर मोठी घरे आधीच गेलेली असतात आणि जे उरते ते महाग तरी असते किंवा गैरसोयीचे तरी.

एकूण आकडा मांडणे

साफसफाईचे शुल्क मुक्काम कितीही रात्रींचा असला तरी एकदाच लागते, त्यामुळे छोट्या मुक्कामावर त्याचा भार जास्त पडतो. हे शुल्क एका रात्रीच्या भाड्याच्या निम्मे असेल, तर दोन रात्रींच्या मुक्कामाचा खर्च २५ टक्क्यांनी वाढतो, पाच रात्रींसाठी मात्र ती वाढ १० टक्केच राहते. याचा अर्थ असा की वर्षातून दोनदा दोन-दोन रात्री जाण्यापेक्षा एकदाच चार रात्री जाणे दरडोई स्वस्त पडते, आणि प्रवासाचा खर्चही एकदाच होतो. अनेक मालक सात रात्रींपासून आठवड्याची सवलत देतात; म्हणून सहा रात्री हव्या असतील तेव्हा सात रात्रींचा आकडाही काढून पाहावा. दोन्हींत फारसा फरक नाही असे पुष्कळदा आढळते.

आकड्यांची तुलना करताना सर्व घरांसाठी एकच पद्धत वापरावी. घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने २०२५ मध्ये शोधाच्या यादीतच शुल्कांसह एकूण रक्कम दाखवण्याची पद्धत जगभर लागू केली, परंतु कर त्यात असतीलच असे नाही आणि इतर संकेतस्थळांची रीत वेगळी असू शकते. त्यामुळे पैसे भरण्याच्या अखेरच्या पानापर्यंत जाऊन तिथला आकडाच वहीत उतरवावा.

आरक्षण रद्द करण्याच्या अटी हा याच हिशेबाचा भाग आहे. परतावा न मिळणारे आरक्षण १० टक्के स्वस्त असेल, तर बेत मोडण्याची शक्यता दहात एकाहून कमी असेल तेव्हाच ते घेण्यात फायदा आहे. घरात लहान मुले किंवा आजारी माणूस असताना, किंवा रजा अजून मंजूर व्हायची असताना, ही शक्यता त्याहून सहज जास्त असते.

मालकाशी थेट बोलावे का?

मध्यस्थ संकेतस्थळे पाहुण्याकडून, मालकाकडून किंवा दोघांकडून शुल्क घेतात, त्यामुळे मालकाचे स्वतःचे संकेतस्थळ असेल तर तिथला भाव कमी असू शकतो. पूर्वी जिथे राहून आलो त्या घराच्या बाबतीत थेट आरक्षण करणे स्वाभाविकच आहे. मात्र मध्यस्थ संकेतस्थळावर सापडलेल्या अनोळखी माणसाने ‘पैसे बाहेरून पाठवा, स्वस्त देतो’ असे सुचवले, तर नकार द्यावा. तसे करणे बहुधा संकेतस्थळाच्या नियमांविरुद्ध असते, भरलेल्या पैशांचे संरक्षण जाते आणि फसवणुकीचा हा नेहमीचा मार्ग आहे. सवलत मागायचीच तर संकेतस्थळाच्या आतच मागावी: स्वतःच्या चादरी-टॉवेल आणतो, एक रात्र वाढवतो, अशा बदल्यात दिलेल्या गोष्टींमुळे मालकाचा खर्च खरोखर कमी होतो.

घराचे ठिकाण आणि रस्ता

आडबाजूच्या घराचे भाडे कमी असते, पण दुकान १२ किलोमीटरवर असेल आणि रोज एक खेप होत असेल, तर पाच दिवसांत १२० किलोमीटर केवळ सामानासाठी होतात. तो इंधनखर्च भाड्यात मिळवूनच घरांची तुलना करावी. एकाच गाडीत मावता येत असेल तर दोन नेऊ नयेत.

वीज, गरम पाणी आणि सरपण

थंड प्रदेशातील घरांत हा खर्च अनपेक्षितपणे मोठा होतो. वीज भाड्यात धरलेली आहे, ठराविक युनिटांपर्यंत मोफत आहे की मीटरप्रमाणे आहे, हे आरक्षणापूर्वी लेखी विचारावे. मीटरप्रमाणे असेल तर कुठे काटकसर करायची, हे साध्या हिशेबातून कळते. दोन किलोवॉटचा हीटर आठ तास अखंड चालला तर १६ युनिटे खातो. पंधरा लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला मात्र सुमारे ०.७ युनिट पुरते. म्हणजे रात्रभर चाललेल्या एका हीटरच्या विजेत वीसहून अधिक वेळा तेवढे पाणी तापले असते. म्हणून अंघोळीच्या पाण्यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही. वापरात नसलेल्या खोल्यांचे दरवाजे बंद ठेवावेत, सगळ्यांनी संध्याकाळी एकाच खोलीत बसावे आणि झोपताना जादा पांघरूण घ्यावे.

शेकोटी किंवा लाकडी शेगडी असेल तर सरपण कोरडे आहे का, ते पाहूनच घ्यावे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, तर चांगल्या वाळलेल्या लाकडात ते २० टक्क्यांहून कमी असते. ओले लाकूड वजनावर घेणे म्हणजे पाण्याचे पैसे देणे, शिवाय ते धूर करते आणि ऊबही कमी देते. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो.

स्वयंपाकघराचा उपयोग

स्वयंपाकघर हे कॉटेजच्या भाड्यातच मिळते, तरी बहुतेक गट ते चहापुरते वापरतात. निघण्यापूर्वी शेगड्या किती, फ्रीज केवढा आणि मोठी भांडी आहेत का, हे विचारून घ्यावे. तेल, मीठ, मसाले घरूनच छोट्या डब्यांतून न्यावेत, कारण चार दिवसांसाठी पूर्ण पाकिटे विकत घेऊन अर्धी मागे टाकून येणे, हे फुटकळ वाटणारे पण नेहमीचे नुकसान आहे. पहिल्या रात्रीचे जेवण तयार न्यावे; उशिरा पोहोचलेले दमलेले लोक हमखास बाहेर जेवतात. रोज तिन्ही वेळा रांधण्याचा हट्ट मात्र धरू नये, नाहीतर कोणा एकाची सुट्टी ओट्यापाशीच संपते.

अनामत रक्कम परत मिळवणे

पोहोचताच सामान उतरवण्यापूर्वी सर्व खोल्यांचे चित्रीकरण करावे, आधीपासून असलेले ओरखडे, डाग आणि फुटकी भांडी टिपून मालकाला त्याच दिवशी संदेश पाठवावा, आणि विजेच्या मीटरचे छायाचित्र येताना व निघताना घ्यावे. निघण्याची वेळ आणि त्यापूर्वी करायची कामे आदल्या रात्रीच वाचून ठेवावीत, कारण उशिरा घर सोडल्याबद्दल किंवा कचरा तसाच ठेवल्याबद्दल अनामत रकमेतून कपात होऊ शकते. ती रक्कम किती दिवसांत परत मिळणार हे लेखी घ्यावे आणि ती खात्यावर जमा होईपर्यंत छायाचित्रे व संदेश पुसू नयेत.