मुंबईत डिजिटल ह्युमॅनिटीज सुरू करताना: आधी मजकूर, मग सभासदत्व

नांदेड, चंद्रपूर, कोल्हापूर, कुठूनही एम.ए. किंवा पीएच.डी.साठी मुंबईत आलेला विद्यार्थी डिजिटल ह्युमॅनिटीजमध्ये, म्हणजे साहित्य-इतिहासाचा अभ्यास संगणकाच्या मदतीने करण्याच्या विषयात, शिरताना पहिला प्रश्न विचारतो तो हा: कुठल्या संस्थेचं सभासद व्हायचं? फी भरायची घाई करू नका. आधी पन्नासेक पानांचा एक मराठी मजकूर स्वच्छ करून हाताशी ठेवा. संस्थांमध्ये लोक तुमच्याशी बोलतील ते त्या मजकुराबद्दल.

मजकूर निवडताना कॉपीराइटचा हिशोब पक्का करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. लेखक १९६४ साली वारला असेल, तर त्याचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून मुक्त. अनुवादकाचा आणि प्रस्तावनाकाराचा हक्क मात्र वेगळा असतो. इथे बरेच जण फसतात: मूळ पुस्तक मुक्त असतं, पण हातातल्या आवृत्तीची प्रस्तावना मुक्त नसते.

पानं ३०० डीपीआयला स्कॅन करा. मोबाइलने फोटो काढायचा तर पान सपाट दाबून धरा. शिवणीजवळ ओळ वाकली की ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर करणारा प्रोग्राम, तिथलेच शब्द खातो. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममध्ये मराठीचं मॉडेल फुकट मिळतं. जुन्या छपाईत ते ध-घ, भ-म, ष-प यांची गल्लत करतं आणि फिकट अनुस्वार गाळतं. म्हणून पहिली दोन पानं हाताने टाइप करून ओसीआरच्या निकालाशी ताडून बघा. शंभर अक्षरांत पाच-सहा चुका निघाल्या, तर पुढची पानं दुरुस्त करण्यापेक्षा स्कॅन पुन्हा करणं स्वस्त पडतं.

मराठीचं खास दुखणं पुढे आहे. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्यात नुक्तावाला ऱ आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे शब्दगणनेत एकाच शब्दाचे दोन हिस्से पडतात. एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरणही हे दोन एकत्र करत नाही. शोधा-बदला तुम्हालाच चालवावं लागतं. सगळीकडे ऱ ठेवा आणि हा निर्णय फाइलसोबत लिहून ठेवा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला, मग बाकीचं.

साहित्य मुंबईत भरपूर आहे. हॉर्निमन सर्कलजवळच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. १८०४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या डिजिटल संग्रहाचं नाव ‘ग्रंथसंजीवनी’. काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्याचं पुराभिलेखागार. तिथे मार्गदर्शकांचं शिफारसपत्र लेटरहेडवर न्या आणि ओळखपत्राची प्रतही ठेवा. पेशवे दप्तर मात्र पुण्यात आहे, ते इथे शोधू नका. पवईला आयआयटीत तयार झालेलं ‘मराठी शब्दबंध’ हे शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपसातली नाती दाखवणारं शब्दजाळं शब्दार्थांच्या कामाला फार उपयोगी पडतं. चित्रफितींवर काम करायचं असेल तर २००८ साली मुंबईतून सुरू झालेलं ‘पॅड.मा’ हे संकेतस्थळ बघा, तिथे फितीच्या नेमक्या सेकंदाला टीप जोडता येते.

मजकूर तयार झाला की मराठी विकिस्रोतावर, म्हणजे मुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, चढवा. लाल पान म्हणजे न तपासलेलं, पिवळं एकाने तपासलेलं, हिरवं दुसऱ्याने पडताळलेलं. पिवळं पान स्वतःचं स्वतः हिरवं करता येत नाही. या कामातली पहिली खरी ओळख बहुधा इथेच होते.

आता संस्था. जगभरच्या संघटनांची छत्री म्हणजे एडीएचओ (अलायन्स ऑफ डिजिटल ह्युमॅनिटीज ऑर्गनायझेशन्स), स्थापना २००५. तिचं सभासदत्व थेट मिळत नाही, घटक संघटनेमार्फत मिळतं. युरोपातली संघटना १९७३ची, अमेरिकेतली १९७८ची. आपल्याकडे ‘धरती’ ही भारतातली संघटना आहे. २०१८ साली इंदूरच्या आयआयएममध्ये पहिली परिषद भरली, ती भरवणाऱ्या गटातून ‘धरती’ उभी राहिली. सुरुवात तिथूनच करावी, असं ठामपणे सांगावंसं वाटतं: मोडी, ओसीआर, अनेक लिप्या या अडचणी तिथे पहिल्यापासून समजावाव्या लागत नाहीत. एडीएचओची वार्षिक परिषद साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते, पण गोषवारे आदल्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच मागवतात. गोषवारा स्वीकारला गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवासमदत असते, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

मजकुराला खुणा लावायला, म्हणजे शीर्षक कुठलं, ओळ कुठली हे संगणकाला कळवायला, टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) या गटाचे नियम वापरा, ते सर्वांना खुले आहेत. भाषा मराठी आणि लिपी मोडी की देवनागरी, हे दोन्ही नोंदवा. शिकण्यासाठी ‘प्रोग्रामिंग हिस्टोरियन’ या संकेतस्थळाचे धडे मोफत आहेत; इंग्रजी जड वाटलं तरी धड्यातला नमुना बाजूला ठेवून आपली पन्नास पानं त्यात घाला, लवकर उमगतं.

परदेशी संघटनेची फी भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू करा, मर्यादा फीपुरती ठेवा, पावती आली की पुन्हा बंद करा. ती पावती विभागाच्या कार्यालयात लगेच द्या; मार्च उलटला की परतावा अडकतो.