पुलाची ओल वरून उतरते: या चुका टाळा

गोदेला पूर आला की अख्खं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं की छातीला? पुलांची काळजीही आपल्याला तेवढ्याच दिवसांत वाटते. पूर पायाखालची माती उकरतो, हे खरंच. पण काँक्रीटमधली सळई सडते ती बहुतेकदा वरच्या रस्त्यातून झिरपलेल्या पाण्याने.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डांबरावर डांबर. जुना थर न खरवडता ५० मिमीचा नवा थर टाकला, की दर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन वाढतं. शिवाय रस्ता उचलला जातो, कडेचे पाण्याचे पाइप बुजतात, एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे उन्हात फुगायला स्लॅबला ठेवलेली फट, डांबराखाली गाडला जातो. मग तुंबलेलं पाणी फुटलेल्या जॉइंटमधून थेट बेअरिंगवर (गर्डर, म्हणजे स्लॅब पेलणारी तुळई, ज्यावर टेकते त्या उशीवर) आणि खांबाच्या माथ्यावर. पाइप आखूड ठेवणं हीसुद्धा तीच गत. तो गर्डरच्या तळाच्याही खाली उतरायला हवा, नाहीतर पाणी स्लॅबच्या पोटाला धरून पसरतं.

दुसरी चूक, पोपडा सुटला की वरून गिलावा. एका नाल्यावरच्या पुलाखाली मी असा ठिगळ हातोडीने ठोकून पाहिला. आवाज बद्द आला. दुसऱ्या ठोक्याला पापुद्रा हातात, मागे सळई तशीच लालभडक. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं. तो आतून काँक्रीट ढकलणारच. सळईच्या मागेही बोटभर खोदा, ती वाळूच्या माऱ्याने किंवा निदान तारेच्या ब्रशने पांढरी करा, गंजरोधक लेप द्या, मगच पॉलिमर मॉर्टर भरा. सळई फारच झिजली असेल तर जोडसळई टाकायची की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या.

नाशिकला समुद्राचा खार नाही, म्हणून बिनधास्त राहू नका. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर असतो आणि त्यातच सळईवरचा संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो, पीएच ९ च्या आसपास उतरतो, आणि ओल मिळाली की गंज सुरू. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे पीएच चढा असला की गुलाबी होणारं रसायन, शिंपडा. गुलाबी झालं तर अजून जीव आहे. रंगच आला नाही आणि ती खोली सळईपर्यंत पोचली असेल, तर दुरुस्ती लांबवू नका.

नव्या कामात सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी (सळईवरच्या काँक्रीटच्या थराची, म्हणजे कव्हरची, जाडी राखणारा ठोकळा) खडीचा तुकडा सारणारे मिस्त्री अजूनही भेटतात. भार पडला की तो सरकतो, आणि ४० मिमीच्या जागी १५ मिमी कव्हर उरतं. फटीतला पिंपळ नुसता छाटू नका, मूळ काढा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रंगरंगोटी होईलच. रंगाआधी तडे बघा. रंगाखाली ते दिसत नाहीत. मे महिन्यात पाइप साफ करा. जुलैत जोराचा पाऊस चालू असताना पुलाखाली जा, पाणी कुठून टपकतं त्याचे फोटो काढून ठेवा. डिसेंबरात काँक्रीट सुकलं की त्याच खुणांवर काम धरा.