इस्त्रीचा सदरा आणि मळका सीट बेल्ट

रत्नागिरीत मी टुरिस्ट गाडी चालवतो. गेल्या वर्षी स्टेशनवरून एका काकांना लग्नाला न्यायचं होतं. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा. "काका, बेल्ट लावा" म्हटलं, तर त्यांनी तो छातीपासून चार बोटं लांब, हाताने धरून ठेवला. मग माझं लक्ष गेलं. घामाने आणि डोक्याच्या तेलाने पट्टा काळा पडला होता, वर बुरशीचे ठिपके. गाडी रोज धुणाऱ्या माझ्याकडून हे राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. आता गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या गर्दीआधी मी सगळे पट्टे धुतोच.

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि जिथून तो आत जातो तिथे कपड्यांचे दोन घट्ट चिमटे लावा. नाहीतर ओला पट्टा घाणीसकट आत गुंडाळला जातो. सीटवर जुना टॉवेल पसरा. लोकरीचे कपडे धुवायचा सौम्य साबण कोमट पाण्यात थोडासा घाला. मऊ ब्रश बुडवून झटका, आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनेच घासा. आडवं घासलं की धागे उसवतात. दोन्ही बाजू घासून झाल्या की साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत.

ब्लीच, अ‍ॅसिड, थिनर अजिबात नको. पट्टा पॉलिस्टरचा असतो. धागा आतून कमजोर झाला तरी वरून पट्टा चांगलाच दिसतो, आणि अपघातात सगळा भार त्याच धाग्यांवर येतो. डाग राहिला तर राहू द्या.

पट्टा परत जाताना रेंगाळतो का? खांद्याजवळची कडी बघा. बऱ्याचदा तिथे मळाचा चिकट थर साचलेला असतो. ओलं फडकं कडीतून ओवून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसं दोन्ही हातांनी मागेपुढे ओढा. माझ्या गाडीत स्प्रिंग गेली असं मी धरून चाललो होतो. एवढं केल्यावर पट्टा सरसर जायला लागला.

बक्कलमध्ये पाणी किंवा तेल सोडू नका. खालची गुंडाळी तर उघडूच नका, बऱ्याच गाड्यांत तिथे अपघाताच्या क्षणी पट्टा आवळणारी छोटी स्फोटक यंत्रणा असते.

वाळवणं सावलीत. आमच्याकडे पावसात हवाच ओली, म्हणून मी गाडी शेडमध्ये घेऊन, दारं उघडी टाकून रात्रभर टेबलफॅन लावतो. पूर्ण वाळल्याशिवाय चिमटे काढत नाही. मग पट्ट्यावरून बोटं फिरवतो. कुठे चीर किंवा फाटकी कड लागली तर मोच्याकडून शिवून चालत नाही, पूर्ण बेल्ट बदलायचा. शेवटी जोरात हिसका देऊन तो अडकतो ना, हे बघायचं.

मागच्या सीटचे पट्टेही असेच धुवा. माझ्या गाडीत सगळ्यात जास्त बुरशी तिथेच निघाली. कोणी लावत नसल्याने ते महिनोन्महिने दमट हवेत गुंडाळलेलेच होते.