ऑप्टिमासारखा जाड-बारीक सॅन्स फॉन्ट कसा वापरायचा

जर्मन फॉन्ट डिझायनर हर्मन झाफने 1950 ला फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधली थडग्यांवरची अक्षरं बघून हजार लिराच्या नोटेवरच स्केच काढलं, त्यातून 1958 ला ऑप्टिमा हा फॉन्ट आला. सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना असतात त्या छोट्या रेघा, नाहीत (म्हणून सॅन्स), पण रेघ जाड-बारीक होते, काय सुंदर दिसतं ते! हेडिंगला, पोस्टरला मोठा लावा, कारण छोट्या साइझला बारीक रेघा आधी उडतात आणि काळ्यावर पांढरं छापायचं असेल तर शाई पसरून बुजतातच, म्हणून तिथे एक वेट (फॉन्टच्या जाडीची पायरी) जाड घ्या. कॅपिटल आय (I) झूम करून बघा, उभी रेघ मधे किंचित बारीक होते, ती कंबर प्रिंटमधे दिसली पाहिजे, नाहीतर साइझ वाढवा. आणि प्लीज नुसतं बोल्डचं बटण दाबू नका, खरी बोल्ड फाइल टाका, खोटा बोल्ड सगळ्या रेघा सारख्याच फुगवतो.