फाटलेल्या ओठाचं बाळ बघायला जाताय? मग आधी हे वाचा

नात्यात कुणाकडे बाळ झालंय, वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला आहे असं फोनवर कळलंय आणि रविवारी सगळे मिळून फोंड्याला नाहीतर डिचोलीला बघायला जायचं ठरलंय, की घरात एकच चर्चा, तिथे जाऊन बोलायचं काय. माझं म्हणणं, बोलण्याचं नंतर बघू, आधी बघायचं कसं ते ठरवा, कारण तुम्ही तोंड उघडायच्या आत बाळंतिणीने तुमचा चेहरा वाचलेला असतो.

आणि चेहरा बदलतो हो, चांगल्या माणसाचाही बदलतो. मोठं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की मोठ्या माणसाला आपोआप माया येते हे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने 1943 मध्येच मांडलं होतं. पुढे 2008 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना अनोळखी बाळांचे चेहरे दाखवून मेंदू तपासला, तर डोळ्यांच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तो सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्यात जागा झालेला दिसला, मोठ्यांच्या चेहऱ्याला तसं झालं नाही. 2013 मध्ये फाटलेल्या ओठाच्या बाळांचे चेहरे दाखवून बघितलं तर तिथे हा प्रतिसाद कमी पडला. म्हणजे तो पहिला दचका तुमच्या हातात नाहीच, त्याबद्दल स्वतःला दुष्ट समजू नका. त्याच्या पुढची चार-पाच सेकंदं मात्र पूर्ण तुमच्या हातातली आहेत.

म्हणून दचकायचं ते घरीच दचकून घ्या. बाळाच्या बाबाला नाहीतर आजीला सरळ विचारा, फोटो पाठवाल का, आणि त्यांनी खुशीने पाठवला तर दोन-चार वेळा नीट बघा, बरोबर येणाऱ्या मुलांनाही दाखवा आणि सांगा की ओठ जोडायचा राहिलाय, डॉक्टर शिवणार आहेत. मुलांना एवढं पुरतं. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतोय.

तिथे गेल्यावर हात धुवा, बसा, पाळण्यावर वरून वाकून बघू नका. बाळ जागं असेल तर आईला विचारून मांडीवर घ्या, चेहरा वीतभर अंतरावर ठेवा, नवीन बाळाला तेवढ्यावरचंच बरं दिसतं. तुमची नजर ओठावर जाणार, जाऊ दे, मग तिथून उचलून डोळ्यांवर न्या आणि तिथे थांबा. ओठ टाळायचा म्हणून बाळाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत गप्पा मारणारे लोक असतात ना, ते आईला सगळ्यात जास्त टोचतं.

आता बोलणं. "देवा रे, कितें जालें हें!" नको. "ग्रहणात सुरी हातात घेतली होतीस का गं?" हे तर अजिबातच नको, मग विचारणारी सख्खी मावशी का असेना. वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जोडला जातो, बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेलेत हे जेमतेम कळलेलं असतं. जगात अंदाजे सातशे बाळांमागे एकाला ओठ किंवा टाळू (डोक्यावरची नव्हे, तोंडाच्या आतली वरची बाजू) फाटलेली असते, त्यात थोडं आनुवंशिक असतं, सिगारेट, काही औषधं यांनी धोका वाढतो, पण बहुतेक घरांत एकच एक कारण सापडत नाही. ग्रहणाचा काही संबंध नाही, आणि कुणी विषय काढलाच तर आईच्या वतीने तुम्ही बोला, तिला उत्तर द्यायला लावू नका. "बाकी सगळं छान आहे ना" हे पण प्रेमाने म्हटलं जातं, पण त्यातला तो "बाकी" तिला बरोबर ऐकू येतो. त्यापेक्षा इतर कुठल्याही बाळाला बघून जे विचारता तेच विचारा, झोपतं का, नाव काय ठेवताय, केस कुणाचे घेतलेत.

आई स्वतःच बाळाकडे कमी बघते असं वाटलं तर सासूने टोमणा मारायच्या आत विषय बदला. इंग्लंडमधल्या 2008 च्या एका अभ्यासात, ओठाचं ऑपरेशन तीन-चार महिन्यांनी व्हायचं होतं अशा बाळांच्या आया दोन महिन्यांच्या वयात बाळाकडे कमी बघतात असं दिसलं होतं. माया कमी म्हणून असं होतं असं मला वाटत नाही, दमलेली असते, घाबरलेली असते, त्यात दूध पाजायचा घोळ. टाळू फाटलेली असेल तर बाळाला सहसा दूध नीट ओढता येत नाही, मग दूध काढून वाटी-चमच्याने नाहीतर खास बाटलीने, बाळाला उभट धरून पाजावं लागतं, एकेका वेळेला बराच वेळ जातो. नुसता ओठ फाटलेला असेल तर बऱ्याचदा अंगावर पिऊ शकतं. तुम्ही डब्यात जेवण न्या, भांडी घासून द्या आणि बाळ झोपलं की तिला झोपू द्या. जागं झालं, खुशीत आलं की तिच्याच हातात द्या. दीड-दोन महिन्यांचं झालं की तेही समोर बघून हसायला लागतं, फाटलेल्या ओठाने हसू रुंद दिसतं, आणि तेव्हा घरात कॅमेरा काढा म्हणा, ऑपरेशनच्या आधीचे फोटो नसले तर पुढे आईबापांनाच चुटपुट लागते.

ऑपरेशनची माहिती मागितली तरच द्या. ओठाचं साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत करतात, वजन आणि रक्त बघून डॉक्टर तारीख ठरवतात. गोव्यात बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात विचारायचं. सरकारच्या 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ-टाळू येतात, तेव्हा खर्चाचं तिथेच विचारा, उसनं काढायच्या आधी.

ओठ शिवून झाल्यावर परत बघायला गेलात तर "आता कसं बरं दिसतं" म्हणू नका, आधी वाईट दिसत होतं असा त्याचा अर्थ निघतो आणि काही आयांना ते जुनं रुंद हसू आठवून रडूच येतं. व्रण काही महिने लाल राहतो, मग हळूहळू फिका पडतो. आणि "झालं ना एकदाचं सगळं" पण नको, टाळूही फाटलेली असेल तर दुसरं ऑपरेशन अजून बाकी असतं, मग बोलणं नीट यावं म्हणून स्पीच थेरपी, वेळोवेळी कान तपासणं. पुढची तारीख कधी ते विचारा, आणि त्या दिवशी मोठ्या मुलाला शाळेतून आणायला कुणी हवंय का तेही.