डोंगराळ मुलखातली अनेक दिवसांची सायकल सफर स्वतःच कशी आखावी

सफर आखायला बसलं की बहुतेकजण किलोमीटर मोजू लागतात. डोंगरात मोजायचा तो चढ. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो झाले, तर साधारण दमाचा माणूस तासाभरात 300 ते 400 मीटर उंची गाठतो. 8 टक्क्यांच्या चढावर (100 मीटर पुढे गेल्यावर 8 मीटर वर) हा वेग ताशी जेमतेम पाच किलोमीटर पडतो. दिवसाला 1200 मीटर चढ असेल, तर तीन-चार तास नुसते चढण्यातच गेले. थांबे आणि पंक्चर वेगळेच.

म्हणून आधी मार्गाचा उंचीचा आलेख काढा. एकूण चढाचा आकडा फसवा असतो. सलग एका घाटातले 800 मीटर परवडतात, पण वीस लहान चढ-उतारांत विखुरलेले तेवढेच मीटर नाकी नऊ आणतात, कारण कमावलेली उंची दर वेळी घालवावी लागते. पहिल्या दिवशी 600-700 मीटरच्या वर जाऊ नका आणि तीन-चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. अवघड दिवसानंतर लगेच अवघड दिवस आखणाऱ्यांची सफर बहुधा तिसऱ्या दिवशी रखडते. नकाशावरचा रस्ता प्रत्यक्षात पायवाट निघू शकतो, म्हणून शंका येईल तिथे उपग्रहचित्र पाहा. सगळे नकाशे फोनवर उतरवून घ्या.

त्याच नकाशावर दोन खुणा करा. पहिली खात्रीच्या पाण्याची. उन्हात चढताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी सहज लागतं. ओढ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा; 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. दुसरी खूण सुटकेची: आजारी पडलात किंवा सायकल मोडली, तर कुठून वाहनाच्या रस्त्याला लागता येईल? दिवसाला असं एकही ठिकाण सापडत नसेल, तर मार्गच बदला.

आता सायकल. महागड्या फ्रेमपेक्षा हलका गिअर महत्त्वाचा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात सारखे, म्हणजे 34 ला 34, असतील तर पॅडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटरहून थोडी जास्त सरकते. ताशी पाच किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम चाळीस फेऱ्या होतात आणि सगळा जोर गुडघ्यांवर येतो. पुढे 22 आणि मागे 36 असेल, तर त्याच वेगाला साठच्या वर फेऱ्या बसतात. सामान लादून हे घराजवळच्या चढावर एकदा करून बघाच.

हत्यारांत पंक्चरचं साहित्य, जादा ट्यूब, चेन तोडायचं अवजार, चेनची जोडकडी, ब्रेक पॅड आणि कॅरिअरचे दोन-चार बोल्ट घ्या. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, हँगरही घ्या; त्यानेच डिरेलर फ्रेमला जोडलेला असतो. हा अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा सायकल आडवी पडली की वाकतो. बहुतेक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे आडगावी मिळणं जवळपास अशक्य. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधा. कपडे कमी केले तरी चालतं, अवजारं नाही.

उतार सुरू होण्याआधी माथ्यावरच जाकीट चढवा. घामेजलेलं अंग वाऱ्यात झपाट्याने गारठतं. ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम किंवा डिस्क तापते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा आणि मग ब्रेक सोडून द्या.

मार्ग 3000 मीटरच्या वर जात असेल, तर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरहून जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की चढणं थांबवा. त्रास वाढत असेल तर खाली उतरा.

मुक्कामाला पोचल्यावर दहा मिनिटं सायकलला द्या. लागून असलेले दोन-दोन स्पोक चिमटीत दाबत चाक फिरवा, ढिला लगेच हाताला कळतो. टायरमधली काच काढा, कॅरिअरचे बोल्ट आवळा, चेन पुसून तेल द्या.

निघण्यापूर्वी एका विश्वासू माणसाकडे रोजचा मार्ग आणि मुक्काम लिहून ठेवा. किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं, कोणाला फोन लावायचा, हेही लिहून द्या. वाटेत बेत बदलला, तर रेंज मिळेल तिथून पहिला निरोप त्या माणसाला द्या.